आराबा मामेचा मेलेला नवरा

बिरिवाच्या वळणावर मी माझा ट्रोट्रो, म्हणजे सवाऱ्यांची छोटी बस, रस्त्याकडेला केंकी विकणाऱ्या एकुआच्या टोपल्यांवर घातला, तेव्हा गाडीत पंधरा-सोळा माणसं, दोन कोंबड्या आणि एक मयत होतं. मयत माझ्या शेजारच्या सीटवर बसलं होतं आणि शेंगदाणे खात होतं.

माझ्या गाडीच्या पाठीवर 'देव आहे, घाई नको' असं पिवळ्या रंगात रंगवलेलं आहे. मी घाई करत नव्हतो. हा म्हातारा मांकेसिमला चढला, हातात एक चपटी पिशवी, एका पायाने लंगडत. मी ड्रायव्हर माणूस, बोलल्याशिवाय मला गियर टाकता येत नाही.

"बिरिवाला कुणाकडे, बाबा?"

"घरी."

"म्हणजे कुणाच्या घरी?"

"माझ्याच की. आराबा क्वान्सिमा माहीत आहे? मासे धुरावर वाळवणारी? तिचा नवरा मी. क्वामिना एजीर."

पुढचं मला नीट आठवत नाही. एकुआला आठवतं, आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून सांगते. आंबवलेल्या मक्याच्या केंकीचे गरम गोळे पानांतून फुटून डांबरावर पसरले, आणि एकुआ दोन्ही हात डोक्यावर ठेवून ओरडली, "फीफी! डोळे काय इंजिनात ठेवलेस का रे?" मग तिचं लक्ष माझ्या शेजारी गेलं आणि तिचे हात डोक्यावरच राहिले.

"एजीर? अरे, तू तर मेलास!"

"कोण म्हणतं?"

"अख्खं गाव! तोंडदेखलं नव्हे, खरंच रडलो आम्ही तुझ्यासाठी. मी काळं कापड नेसले होते. घसा बसला होता माझा."

म्हाताऱ्याने एक शेंगदाणा तोंडात टाकला. "जेवायला काय होतं?"

लोक हसले. मी हसलो नाही. हसण्याची संधी मी सहसा सोडत नाही, पण ही सोडली. कारण वर्षा-दीड वर्षापूर्वी अक्राच्या मंदिरात याच क्वामिना एजीरच्या नावाने, दिवंगत क्वामिना एजीरच्या नावाने, मी पांढरे कपडे घालून पाण्यात बुडी मारली होती.

गाव आम्हाला मॉर्मन म्हणतं, ख्रिस्ती पंथांतलाच एक. आमच्यात, जे बाप्तिस्मा न घेताच गेले त्यांच्या वतीने कुणी जिवंत माणसाने तो घ्यायचा असतो. एवढंच नव्हे, नवरा-बायकोची गाठही मरणापलीकडे टिकेल अशी तिथे बांधून घेता येते. नवरा गेलेला असेल तर त्याच्या जागी दुसरा कुणी गुडघे टेकतो. सगळी व्यवस्था दयेने भरलेली आहे. अट एकच, आणि ती फार साधी आहे: ज्याच्यासाठी करायचं तो मेलेला पाहिजे.

आता आराबा मामेबद्दल सांगतो. वयाने मोठ्या बाईला आम्ही मामेच म्हणतो, पण बिरिवात नुसतं 'मामे' म्हटलं तरी लोक आराबाच समजतात. उंच, रुंद बाई, आवाज असा की होडी लाटांच्या पलीकडे असली तरी नाखवा वळून बघतो. होड्या किनाऱ्याला लागायच्या आत ही कमरेएवढ्या पाण्यात. तारलीची पाटी डोक्यावर घेऊन येताना भाव करते, शिव्या देते, शेजारणीच्या नातवाची चौकशी करते, सगळं एका दमात. मग दिवसभर मातीच्या भट्ट्यांपुढे. जाळीवर मासे मांडायचे, उलटायचे, लाकूड मागे-पुढे करायचं. धुराने तिचे डोळे कायम लाल असतात. त्यामुळे ती कधी रडते आणि कधी नुसतीच काम करते, हे कुणाला ओळखता येत नाही. हे मी तेव्हा विनोद म्हणून सांगायचो.

मंदिराचं तिला वेड होतं. महिन्यातून एकदा आमच्या शाखेची, म्हणजे गावातल्या आमच्या चर्चची, माणसं माझ्या गाडीने अक्राला जात. मामे आदल्या दोन दिवसांपासून भट्टी पेटवायची नाही. का, तर एकदा मंदिरात पांढऱ्या कपड्यांतल्या एका बाईने तिच्याशेजारी बसताना हळूच नाक वळवलं होतं. बाई वाईट नव्हती, नाक आपोआप वळलं असणार. पण तेव्हापासून मामे दोन दिवसांच्या धंद्यावर पाणी सोडायची आणि लिंबं चोळचोळून अंघोळ करायची. हात, केस, नखं. गाडीत ती चढली की मागची पोरं म्हणायची, "आलं सरबत!" आणि मामे म्हणायची, "प्या मग, मेल्यांनो, फुकट आहे."

माझ्याकडे शाखेने एक सेवा सोपवलेली होती. लोकांच्या वाडवडिलांची नावं गोळा करायची आणि मंदिरासाठी तयार करायची. आमच्या लोकांकडे कागद कुठले? पण मामेकडे गाणी होती. आमच्या बायका मर्तिकाला जे विलाप गातात त्यात आईची आई, तिची आई, तिची मावशी अशा ओळीने बायका येतात. ही कुठली, ती कशाने गेली, कुणाच्या कर्जापायी कुणाला लहानपणी गहाण ठेवलं, सगळं त्यात असतं. मामे भट्टीपुढे बसून गायची, मी लिहून घ्यायचो. एकेका फेरीला ती दोघी-तिघींसाठी पाण्यात उतरायची आणि येताना गाडीत सांगायची, "आज आजीची मावशी आत गेली रे. बाकीच्या अजून दारात उभ्या आहेत. बायकांना उभं ठेवायचं म्हणजे काय?"

तिच्या आयुष्यात तेवढं एकच ठिकाण होतं जिथे तिला कुणी हाक मारून भाव विचारत नव्हतं. तिथे जायचं कार्ड ती कापडाच्या गाठीत, पैशांपासून वेगळं ठेवायची. शाखेचे अध्यक्ष ब्रदर सॅकी समोर बसवून एकेक प्रश्न विचारतात, त्यांतला एक असतो, तुम्ही लोकांशी खरं वागता का. तेव्हा कुठे ते कार्ड मिळतं.

नवऱ्याचं नाव मात्र ती पुढे करत नव्हती. तो फार वर्षांपूर्वी होडीवर लायबेरियाला गेला आणि तिकडच्या लढाईत मेला, हे गावाला माहीत होतं. प्रेत आलं नव्हतं, पण मर्तिक झालं होतं. पाहुणे माझ्याच गाडीने आले होते. मी विचारलं की मामे म्हणायची, "आधी आई होऊ दे." आई झाली. "आजी होऊ दे." आजी झाली. "मावश्या राहिल्यात."

तर एकदा अक्राहून परत येताना आम्ही कासोआच्या गर्दीत अडकलो होतो. त्या दिवशी शाखेतल्या तीन जोडप्यांची गाठ बांधली गेली होती, आणि त्या समारंभाच्या वेळी नेहमीप्रमाणे मामे बाहेर बाकावर बसून होती. गाडी हलत नव्हती. गाडी हलत नसली की माझी जीभ हलते. मी आरशातून मागे बघत मोठ्याने म्हणालो, "मामे, स्वर्गात आम्ही सगळे जोडीजोडीने बसलेलो असणार. तू काय करणार? आमच्यामधून मासे विकत फिरणार?"

गाडी खदखदून हसली. मामेही हसली. मी आणखी ओढलं. म्हटलं, "देवदूत विचारतील, ही बाई कुणाची? आम्ही सांगू, कुणाची नाही, सुटी आहे, पावशेराने मिळते." हसता हसता एकाच्या हातातलं पाणी सांडलं. आमच्या गाडीत इतकं कधी कुणी हसलं नव्हतं, आणि मी स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरला.

एरवी वाटभर गाणारी मामे विनेबा गाव मागे पडलं तरी गायली नाही. बिरिवाला उतरताना माझ्या खिडकीशी आली आणि म्हणाली, "लिही त्याचं नाव."

"कुठे वारला लिहू?"

"मन्रोव्हियाला. लढाईत. लिही काय ते."

मला इतका आनंद झाला की मी हॉर्न वाजवला.

मंदिरातलं फार बोलायचं नसतं. एवढंच सांगतो की त्याच्या जागी मीच होतो. खोलीत समोरासमोर आरसे असतात, बघावं तिकडे आपण ओळीने लांबवर दिसत जातो. एकीकडे मला अनंत फीफी दिसत होते, सगळे खूश. दुसरीकडे अनंत मामे, सगळ्या मान खाली घालून. तिने माझा हात घट्ट धरला होता आणि तिच्या हाताला लिंबाचा वास येत होता. मला वाटलं, बिचारीला केवढा आनंद झाला आहे.

आणि आता तो माणूस माझ्या पुढे लंगडत किनाऱ्याकडे निघाला होता. मी त्याची पिशवी घेतली होती, मागे अर्धं गाव. मेथडिस्ट चर्चचे मास्तर दारात उभे होते, त्यांनी टोपी काढून मला म्हटलं, "फीफी, तुमच्या अक्राच्या मंदिरात मेलेले उठतात म्हणे! आमच्याकडे बाबा नुसता ऑर्गन आहे."

"मास्तर, तुम्हीपण नाव द्या," मागून कुणीतरी म्हणालं.

मामे भट्टीवर वाकून मासे उलटत होती. गर्दी बघून तिने मान वर केली. मला वाटलं आता ही किंकाळी फोडणार, पळणार, निदान जाळी तरी हातातून पडणार. भुताला बघून माणूस काहीतरी करतोच. एकुआचे हात तर डोक्यावरच राहिले होते.

मामेने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"आलास?" ती म्हणाली. बाजारातून आलेल्याला म्हणावं तसं. मग माझ्याकडे वळून, "फीफी, पाहुण्याला पाणी दे."

गाडीकडे परत जाताना मी अर्ध्या वाटेत थांबलो. मेलेल्या माणसाला 'आलास?' असं कुणी विचारत नाही.

ब्रदर सॅकींचं औषधांचं दुकान आहे. मी गेलो तेव्हा ते खोकल्याच्या बाटल्या पुसत होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "मंदिराला कळवू. जिवंत माणसासाठी केलेलं धरलं जात नाही, रद्द होतं. चूक कुणाची झाली पण?"

"गावाची," मी म्हणालो. "अख्ख्या गावाची."

त्यांनी एक बाटली पुसून झाली तरी परत पुसायला घेतली. मी गाडीत सवाऱ्या बसल्या आहेत असं सांगून निघालो. सवाऱ्या नव्हत्या.

त्या रविवारी मामे चर्चला आली नाही. पुढच्याही नाही. क्वामिनाला मात्र लोक रोज बघत होते. मामे त्याच्याशी थेट बोलत नव्हती असं एकुआ सांगायची. बकरीला उद्देशून बोलायची. "बकरे, कुणाला भूक लागली असेल तर भांड्यात आहे," असं.

मग उपासाचा रविवार आला. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही न जेवता येतो आणि सभेत ज्याला वाटेल तो उठून मनातलं सांगतो. मामे आली होती, अगदी मागे बसली होती. क्वामिना बाहेर माडाखाली. मी ठरवून आलो होतो. रात्री बायकोसमोर म्हणूनही बघितलं होतं: मी बाईला भर गाडीत लाजवलं, म्हणून हे झालं. एवढंच वाक्य. मग बसायचं.

मी उठलो. पुढे गेलो. म्हणालो, "बंधू-भगिनींनो, मला एक पाप सांगायचं आहे. मी एका जिवंत माणसाला बुडवलं."

पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

आणि मी काय करू, मला ते हसू गोड लागलं. भुकेल्या पोटी तर फारच. मी म्हणालो, "बुडवलं ते बुडवलं, वर त्याला माझ्याच गाडीतून घरी आणलं, आणि भाडं घेतलं!" सभा हसली. मग मी केंकीचे गोळे सांगितले. 'जेवायला काय होतं' सांगितलं. मेथडिस्ट मास्तरांचा ऑर्गन सांगितला. लोकांनी उपाशी पोटं धरली. ब्रदर सॅकींनीसुद्धा चष्मा काढला. मी घाम पुसत जागेवर येऊन बसलो, शेजारच्याने माझ्या पाठीवर थाप मारली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते एक वाक्य राहूनच गेलं.

मामे उठली. ती पुढे गेली नाही, जिथे होती तिथेच उभी राहिली. तिच्या आवाजाला पुढे जायची गरज नसते.

"क्वामिना मेला नव्हता," ती म्हणाली. "मला माहीत होतं. त्याचा निरोप आला होता होडीवाल्यांबरोबर. तिकडे दुसरी बाई केली आहे, वाट बघू नको. टाकलेल्या बाईकडून मासे घेताना बायका आधी तिच्याकडे बघतात, हिच्यात काय खोट होती म्हणून. विधवेकडून घेताना कुणी बघत नाही. म्हणून मी सांगितलं, मेला. तुम्ही येऊन रडलात. तुम्हाला जेवू घातलं. ते खोटं गावापुरतं होतं, ते मी वाहत होते. मग ते मी देवाच्या घरात नेलं. पांढरे कपडे घालून नेलं."

दारात सावली पडली होती. क्वामिना आत येऊन उभा होता आणि स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

मामेने कापडाची गाठ सोडली. कार्ड काढलं. चालत पुढे आली आणि ब्रदर सॅकींच्या हातात ठेवलं. ते हळूच काहीतरी म्हणाले, नंतर बोलू असं असावं. ती म्हणाली, "बोलायचं ते बोलले." आणि निघाली. माझ्या रांगेजवळून गेली. मी माझं नाव ऐकायची वाट बघत होतो. सबंध बोलण्यात तिने माझं नाव घेतलं नव्हतं, गाडीचं नाही, कासोआचं नाही. तिने घेतलं असतं तर मला बसायला जरा बरं गेलं असतं.

मंदिरात जायला तिला काही महिने थांबायला सांगितलं गेलं. अक्राची पुढची फेरी जवळ आली तेव्हा मी तिच्या भट्टीवर गेलो. दारात उभ्या असलेल्या बायकांचं काय करायचं, हे विचारायला. शाखेतली दुसरी कुणी त्यांच्यासाठी पाण्यात उतरू शकत होती. निदान मी स्वतःला तेच कारण सांगितलं होतं.

क्वामिना एका बाजूला बसून मासे धूत होता. धूत कसला, त्यांची समजूत काढत होता.

"फीफी," मामे म्हणाली, "पाहुण्याला सांग, खवले तसेच राहिलेत."

"तिला सांग," म्हातारा म्हणाला, "की मी तीस वर्षं मासे पकडले. धुणं बायकांचं काम होतं."

"त्याला सांग, ती बाई मन्रोव्हियाला राहिली."

"तिला सांग, त्या बाईने मला हाकललं. एवढं तरी तिला बरं वाटू दे."

मामेच्या तोंडाचा कोपरा हलल्यासारखा झाला, पण धूर होता, खात्रीने सांगता येत नाही.

ती गाऊ लागली. बारीक आवाजात, मर्तिकातला तोच विलाप. मी नावं लिहून घेतली. एक विहिरीत गेलेली, एक बाळंतपणात, एक गहाण ठेवलेली आणि परत न आलेली. गहाण ठेवलेलीचं नाव तिने दोनदा गायलं, मी नीट लिहावं म्हणून. गाणं संपल्यावर तिने जाळी उलटली. मी उठलो नाही. वही मिटून गुडघ्यावर ठेवली. एखादा विनोद मनात येतोय का बघितलं. आला होता, चांगला होता, आणि पहिल्यांदाच मी तो गिळला.

"मामे," मी म्हणालो, "मी गाडीत तसं बोललो म्हणून तू त्याचं नाव दिलंस. ते मला सभेत सांगायचं होतं, मी सांगितलं नाही."

ती लाकूड मागे ओढत होती.

"पण तेव्हाच मला म्हणायचंस, फीफी, गप्प बस. एवढंच म्हणायचंस. मी गप्प बसलो असतो. देवाशपथ बसलो असतो. का नाही म्हणालीस?"

मामेने लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सगळे हसत होते."